विण्याच्या तोंडावर बायपास फॅट: कधी सुरू करायचं, किती द्यायचं

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे ज्यांच्या गोठ्यात अशीच गाय उभी आहे त्यांनाही धागा लागेल. तुमची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय तिसऱ्या वेताला तीन आठवड्यांनी विणार आहे. मागच्या वेताला तिनं २२ लिटरपर्यंत दूध दिलं, पण दहाव्या दिवशी पेंड सोडली, किटोसिस (अंगावरची चरबी वितळून रक्तात किटोन साठण्याचा आजार) झाला, महिनाभरात हाडं वर आली आणि पुढं रेतन करूनही ती चार वेळा उलटली, म्हणजे गाभ राहिली नाही. आता दुकानदार म्हणतो आजपासूनच रोज २०० ग्रॅम बायपास फॅट (कोठीपोटात न सुटता पुढं आतड्यात पचणारं फॅट) चालू करा, शेजारी म्हणतो त्यानं वार अडकते, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात व्यायली की गोडेतेल आणि गूळ पाजा. यातलं काय करायचं?

माझं उत्तर असं की फॅट द्या, पण आज नको. ते गाय व्यायल्यावर, ती नीट खायला लागली की चढत्या मात्रेनं द्यायचं. विण्याआधीच्या तीन आठवड्यांत तुमचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर हवं, गव्हाणीतला चारा तिच्या पोटात किती जातो यावर. मी असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण कारण कळलं की मात्रा आपोआप लक्षात राहते.

विण्याच्या शेवटच्या आठवड्यात गायीचं खाणं जवळपास तिसऱ्या हिश्श्यानं घटतं. वासरानं पोटात जागा व्यापलेली असते, संप्रेरकं बदलत असतात. व्यायल्यावर दूध झपाट्यानं चढतं आणि चार ते आठ आठवड्यांत शिखर गाठतं. खाणं मात्र सावकाश वाढतं, त्याला शिखर गाठायला दहा-बारा आठवडे लागतात. मधल्या काळात खर्च जास्त आणि आवक कमी. ही तूट गाय स्वतःच्या अंगावरची चरबी वितळवून भरून काढते. वितळलेली चरबी रक्तातून यकृताकडे जाते. यकृत काही जाळतं, आणि जे पुरतं जळत नाही त्याचे किटोन होतात. जे तेवढंही होत नाही ते यकृतातच साठतं. मागच्या वेताला तुमच्या गायीचं हेच झालं होतं.

मग बाहेरून फॅट दिलं की तूट भरली, असं वाटणं साहजिक आहे. पण हिशोब करून पाहू. साडेचारशे किलोची गाय २० लिटर दूध देत असेल तर शरीर चालवायला आणि दुधाला मिळून तिला रोज साधारण २२ मेगाकॅलरी लागतात. ती ११ किलो कोरडा पदार्थ खात असेल तर त्यातून मिळतात सोळा-साडेसोळा. तूट पाच-साडेपाचची. १५० ग्रॅम बायपास फॅट त्यातली पाऊण-एक मेगाकॅलरी भरतं, म्हणजे जेमतेम एका लिटर दुधाची ऊर्जा. हे कमी नाही, रोज मिळालं तर नक्की उपयोगाचं आहे. पण फॅटच्या वासानं आणि चवीनं तिनं एक किलो खाणं कमी केलं तर दीड मेगाकॅलरी गेली. दिलं त्याच्या दुपटीनं गमावलं. ताज्या व्यायलेल्या गायीत हे खरंच घडतं. कॅल्शियम क्षाराच्या (कॅल्शियमशी बांधून बनवलेल्या) फॅटला साबणासारखा वास असतो, शिवाय आतड्यात फॅट पोचलं की भूक दाबणारी संप्रेरकंही सुटतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. फॅटपासून ग्लुकोज मिळत नाही. दुधातली साखर कासेत ग्लुकोजपासून बनते आणि त्या साखरेच्या मागं पाणी ओढलं जातं, म्हणून दूध किती लिटर येणार हे ग्लुकोजवर ठरतं. २० लिटर दुधाला कासेला दिवसाला साधारण दीड किलो ग्लुकोज लागतं. ते यकृत तयार करतं, मुख्यतः मका, ज्वारी, गोळीपेंड यातल्या पिठूळ भागापासून कोठीपोटात (गायीच्या पहिल्या, मोठ्या पोटात) जे आम्ल बनतं त्यातून. त्यामुळं फॅट हे किटोसिसवरचं औषध नाही. पेंड सोडलेल्या, किटोन चढलेल्या गायीला जास्त फॅट चारणं म्हणजे आधीच चरबीनं भरलेल्या यकृताला काहीच मदत न करणं. तिथं प्रॉपिलीन ग्लायकॉल (यकृताला ज्यापासून ग्लुकोज बनवता येतं असं पाजायचं औषध) लागतं, साधारण २५० ते ३०० मिली रोज एकदा, तीन ते पाच दिवस, आणि शिरेतून ग्लुकोज द्यायचं की नाही ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

हे मी पुस्तकातून शिकलो, पण मनावर ठसलं ते एका गायीमुळं. स्वतःची प्रॅक्टिस सुरू केल्याचं दुसरं वर्ष होतं. एका गोठ्यात खूप सुटलेली गाय होती, आठ महिने आटलेली, पाठीवर हात फिरवला तर मणका लागत नव्हता. विणं महिन्यावर आलं होतं. नव्यानंच मिळू लागलेलं फॅट मी तिला रोज ३०० ग्रॅम सांगितलं, तेही अजून ताकद यावी म्हणून. विण्याच्या आठ दिवस आधी सकाळी गेलो तेव्हा ती गव्हाणीत तोंड घालून नुसती फुंकर मारत होती. कुट्टी बाजूला सारायची, पेंड हुंगायची, मागं सरकायची. गव्हाणीच्या तळाशी पिवळट पांढरी पूड जशीच्या तशी साचली होती. डाव्या कुशीतली खळगी एवढी खोल की त्यात मूठ बसावी. तरी मी फॅट थांबवलं नाही, भूक लागायच्या पुड्या लिहून दिल्या. ती व्यायली, तिसऱ्या दिवशी बसली आणि नवव्या दिवशी गेली. मालक मला एक शब्दही बोलला नाही. तेव्हापासून विण्याआधी कुठल्याही गायीला फॅट सांगण्यापूर्वी मी तिची पाठ आणि तिची कूस हातानं बघतो.

तुम्हीही आज तेच करा. गाय विताना तिचा शरीर गुणांक (अंगावर चरबी किती याचा अंदाज) पाचपैकी तीन ते साडेतीन असावा. माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना हलका खळगा दिसायला हवा, फासळ्या हात दाबल्यावर लागायला हव्यात पण लांबून मोजता येऊ नयेत. शेपटीच्या मुळाशी चरबीच्या गाद्या आल्या असतील तर गाय सुटलेली आहे. तिला विण्याआधी फॅट अजिबात नको, आणि तिला बारीक करायचा प्रयत्नही आता नको, कारण या टप्प्यावर उपाशी ठेवलं तर चरबी लगेच वितळायला लागते. गाय बेताची किंवा बारीक असेल तर शेवटच्या दहा दिवसांत २५ ते ५० ग्रॅम चालेल, तेही ताकदीसाठी नव्हे, पुढं द्यायच्या खुराकाची चव ओळखीची व्हावी म्हणून.

शेजाऱ्यांच्या भीतीचं बघू. फॅटमुळं वार अडकते असं नाही. वार अडकते ती रक्तात कॅल्शियम कमी पडल्यानं, सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं, जुळ्यांमुळं, ओढून काढलेल्या वासरामुळं, गर्भपाताच्या आजारांमुळं. त्यांची शंका कदाचित कॅल्शियमवरून आली असेल, कारण विण्याआधी भरपूर कॅल्शियम दिलं तर गायीचं शरीर हाडातून कॅल्शियम काढायचं विसरतं आणि व्यायल्यावर ती बसते. ते तत्त्व बरोबर आहे. पण आकडा बघा. कॅल्शियम क्षाराच्या फॅटमध्ये सुमारे ९ टक्के कॅल्शियम असतं, म्हणजे ५० ग्रॅममध्ये साडेचार ग्रॅम. आपल्या नगर भागात गाभण गायीला प्रेमानं टाकला जाणारा दहा किलो हिरवा घास (लसूण घास) तीस ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देतो आणि वर पोटॅशियम देतो, जे त्याहून वाईट. शेवटच्या तीन आठवड्यांत बंद करायचा तर घास बंद करा. खायचा सोडाही याच काळात नको, तो व्यायल्यानंतर.

आता विण्याआधीचे तीन आठवडे. कडबा कुट्टी कायम समोर, मुरघास दहा-बारा किलो, आणि गोळीपेंड किंवा मका भरडा, सरकी पेंड, चुणी यांचं मिश्रण दीड किलोपासून वाढवत अडीच-तीन किलोपर्यंत. व्यायल्यावर जी पेंड देणार तीच आधीपासून द्या, म्हणजे कोठीपोटातले जिवाणू तयार राहतात. अॅनायनिक मिठाचं मिश्रण (व्यायल्यावर कॅल्शियम कमी पडू नये म्हणून विण्याआधी देतात ते क्षार) वापरत असाल तर गायीच्या लघवीचा सामू (पीएच) कागदी पट्टीवर ६.२ ते ६.८ मध्ये येतोय का ते बघा, नाहीतर ते मिश्रण काम करतंय की नुसतं पेंडीला कडू करतंय हे कळत नाही. उसाचं वाढं कमी करा, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. पाणी दिवसभर समोर, आणि उन्हाळा असेल तर सावली आणि वारा. एप्रिल-मेमध्ये विणाऱ्या गायीचं खाणं उन्हामुळं आणखी पडतं, तेव्हा मुख्य खाद्य पहाटे आणि रात्री टाका. यकृतासाठी काही द्यायचंच असेल तर या काळात मी फॅटऐवजी बायपास कोलीन निवडतो. यकृतात साठलेली चरबी बाहेर नेण्यासाठी जे वाहन लागतं ते बनवायला कोलीन लागतं. साधं कोलीन क्लोराईड कोठीपोटातच मोडतं, म्हणून संरक्षित केलेलंच घ्यायचं. विण्याआधी २१ दिवस ते नंतर २१ दिवस, मात्रा पाकिटावरची, बहुतेक उत्पादनांची रोज ६० ग्रॅमच्या आसपास असते. मागच्या वेताला किटोसिस झालेल्या तुमच्या गायीसाठी हा खर्च मला योग्य वाटतो.

गोडेतेलाबद्दल मी ठामपणे नाही म्हणतो, आणि घरच्या मोठ्यांचा मान ठेवून कारण सांगतो. त्यांच्या काळची खिल्लार किंवा गावठी गाय तीन-चार लिटर दूध द्यायची. तिला व्यायल्यावर मेथी, आळीव, गूळ, थोडं तेल दिलं तर सोसायचं. मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बायफ ही संस्था उभी केली ती १९६७ साली, त्यानंतर संकरित गाय आपल्या दावणीला आली आणि तिच्यासोबत वीस-पंचवीस लिटरच्या कासेची भूकही आली. त्या भुकेला जुनं माप पुरत नाही. उघडं तेल कोठीपोटात गेलं की चाऱ्याच्या धाग्यांवर थर बसतो आणि चारा पचवणारे जिवाणू मरतात. जे तेल जिवाणू बदलून टाकतात त्यातून अशी काही आम्लं तयार होतात की कासेत फॅट बनणंच मंदावतं, आणि डेअरीत ३.५ ची फॅट ३ च्या खाली येते. यापेक्षाही मोठा धोका म्हणजे बाटलीनं पाजताना तेल श्वासनलिकेत जाणं. अशा निमोनियाच्या गायी मी दरवर्षी बघतो, त्यातल्या फार थोड्या वाचतात. बाळंतकाढा द्यायचा असेल तर तिनं आपण होऊन चाटून खाल्ला पाहिजे.

बायपास फॅट यापासून वेगळं कसं, तर पामतेलातल्या फॅटी अॅसिडला (चरबीतल्या आम्लांना) कॅल्शियमशी बांधून ठेवलेलं असतं. अमेरिकेतल्या ओहायोत पामक्विस्ट आणि जेन्किन्स यांनी १९८० च्या दशकात हा मार्ग दाखवला. कोठीपोटाचा सामू सहाच्या वर असेल तोवर हा बांध टिकतो, पुढं चौथ्या पोटातल्या तीव्र आम्लात सुटतो आणि फॅट लहान आतड्यात शोषलं जातं. इथं एक खुबी आहे जी फार कमी लोक सांगतात. व्यायल्याबरोबर दूध वाढावं म्हणून कुणी गव्हाचं पीठ, मक्याचा भरडा, गूळ, शिळा भात असं भरमसाठ घालतो. कोठीपोट आंबट होतं, सामू साडेपाचकडे घसरतो आणि तो बांध कोठीपोटातच सुटतो. मग तुम्ही महागाचं फॅट देताय, पण गायीच्या पोटात ते उघड्या तेलासारखंच वागतंय. ज्या गोठ्यात शेण पातळ, फेसाळ पडतं आणि गायी बसून रवंथ करताना दिसत नाहीत, तिथं आधी कुट्टी वाढवा, पेंड दोनऐवजी तीन-चार वेळा वाटून द्या, खायचा सोडा १०० ग्रॅमपर्यंत द्या. फॅटचा विचार त्यानंतर.

बाजारात दोन प्रकार मिळतात. कॅल्शियम क्षाराच्या फॅटमध्ये साधारण ८४ टक्के फॅट असतं आणि त्यात पामिटिकसोबत ओलेइक आम्लही चांगल्या प्रमाणात असतं. दुसरा प्रकार म्हणजे पांढरे मणी, ९९ टक्के फॅट, बहुतेक पामिटिक. दुकानदार म्हणेल ९९ टक्के ते भारी. पण पामिटिकचा स्वभाव असा की ते ऊर्जा दुधाकडे आणि दुधातल्या फॅटकडे ढकलतं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्य विद्यापीठात अॅडम लॉक यांच्या गटाला असं दिसलं की ताज्या व्यायलेल्या गायींना पामिटिक दिल्यावर दुधातलं फॅट वाढलं, पण गायी जास्त वाळल्या. ओलेइकचं प्रमाण वाढवल्यावर अंग टिकायला मदत झाली. तुमच्या गायीची मागची तक्रारच वाळण्याची आहे. म्हणून पहिला महिना कॅल्शियम क्षाराचं द्या. ती सावरली, पोट भरून खायला लागली आणि डेअरीत दुधाला फॅट लागत नाही अशी तक्रार असेल तर नंतर पामिटिकचं बघा. अगदी टणक, तुपासारखं गोठवलेलं स्टिअरिकचं फॅट मिळतं तेही असतं, पण ते पचतच कमी.

पोतं घेताना फॅट किती टक्के, कॅल्शियम किती, ओल किती हे छापलेलं बघा. घरी चमचाभर पूड उकळत्या पाण्यात टाका. मणी वितळून तेलासारखे वर तरंगतात, ते त्यांचं बरोबर आहे. पण कॅल्शियम क्षार म्हणून विकलेल्या पुडीतून तेलाचा जाड तवंग आला तर तिच्यात न बांधलेलं तेल आहे. खवट वास आला तर परत करा. आणि हे फॅट गरम आंबोणीत शिजवू नका, कोरड्या पेंडीत वरून मिसळा.

व्यायल्यावर पहिले तीन-चार दिवस फॅट नाही. कोमट पाणी भरपूर, वासराला लगेच चीक, गायीसमोर ताजा चारा. चौथ्या-पाचव्या दिवशी ती पेंड संपवत असेल आणि डावी कूस भरलेली दिसत असेल तर ५० ग्रॅम, दोन वेळच्या पेंडीत विभागून. दर दोन-तीन दिवसांनी २५ ग्रॅम वाढवत पंधराव्या दिवसाच्या आसपास १५० वर या. दूध २२ लिटरच्या पुढं गेलं तर २०० पर्यंत. मधे कधी पेंड उरली तर एक पायरी खाली. हे साधारण तीन महिने द्या आणि बंद करतानाही आठवडाभरात उतरवा. सगळ्या खाद्यातलं मिळून फॅट कोरड्या पदार्थाच्या सहा टक्क्यांच्या आत राहिलं पाहिजे. नेहमीच्या चाऱ्या-पेंडीत तीन टक्के असतंच, १५० ग्रॅमनं ते चारच्या आसपास जातं, त्यामुळं जागा आहे. पण अख्खी सरकी दोन किलो आणि वर फॅट असं करू नका, सरकीत १८-२० टक्के तेल असतं. फॅट चालू असताना खनिज मिश्रण थोडं सढळ, कारण फॅट आतड्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला धरून ठेवतं.

चार वेळा उलटण्याचं मूळही याच काळात आहे. माजाला जे बीज सुटतं ते दोन-अडीच महिने आधीपासून वाढत असतं, म्हणजे गाय वाळत असतानाच. पहिल्या महिन्यात अंग टिकवलं की पुढच्या रेतनाचं निम्मं काम झालं. काही फॅटी अॅसिड थेट गर्भाशयावरही काम करतात. फ्लोरिडा विद्यापीठात थॅचर यांच्या गटानं विण्याच्या आगेमागे करडई तेलाचे कॅल्शियम क्षार आणि रेतनाच्या काळात मासळी तेलाचे क्षार दिले, तेव्हा गाभ टिकण्याचं प्रमाण सुधारलेलं दिसलं. पहिल्यातलं ओमेगा-६ गर्भाशय साफ व्हायला आणि जंतूंशी लढायला उपयोगी, दुसऱ्यातलं ओमेगा-३ गाभ धरून ठेवायला. मला हे वाचून आनंद झाला होता, कारण करडई तर आपल्या सोलापूर-मराठवाड्याचं पीक. पण घाण्याचं करडई तेल किंवा जवस भरडून दिलं तर तेच फळ मिळेल असं समजू नका. कोठीपोटातले जिवाणू त्यातलं बहुतेक बदलून टाकतात. संरक्षित ओमेगा-३ मिळालं आणि खिशाला झेपलं तर रेतनाच्या महिनाभर आधीपासून द्या, नाही मिळालं तर अंग राखणं हाच मोठा इलाज.

हे सगळं तुमच्या वीस लिटरच्या वरच्या गायीसाठी आहे. दहा-बारा लिटरच्या गायीला, गीर-खिल्लारला, पहिलारू कालवडीला आधी चांगली कुट्टी आणि पेंड पुरवा. तिथं फॅटचे पैसे खनिज मिश्रणात घातलेले बरे.

एक धोक्याची खूण लक्षात ठेवा, कारण ती आनंदाच्या वेषात येते. व्यायल्यावर सातव्या-आठव्या दिवशी डेअरीच्या पावतीवर फॅट ४.८, ५ अशी लागली तर दूध कसदार झालं असं समजून पेढे वाटू नका. एचएफ गायीत त्या दिवसांत एवढी फॅट म्हणजे अंगावरची चरबी दुधात उतरतेय. त्याच वेळी ती पेंड सोडून नुसता कडबा चघळत असेल आणि तोंडाला गोडसर, पिकल्या फळासारखा वास येत असेल तर किटोसिस समजा. पण तिथवर थांबायचीही गरज नाही. माणसांच्या साखरेच्या मशिनसारखंच किटोन मोजायचं मशिन मिळतं, शेपटीच्या शिरेतल्या एका थेंबावर चालतं. तुमच्या डॉक्टरांकडून पाचव्या, आठव्या आणि बाराव्या दिवशी बघून घ्या. आकडा १.२ (मिलिमोल प्रति लिटर) च्या खाली असेल तर ठरल्याप्रमाणे फॅट वाढवत चला. १.२ च्या वर दिसलं तर फॅट आहे त्याच मात्रेवर ठेवा, वाढवू नका, त्याच दिवशी ग्लायकॉल सुरू करा आणि आकडा मला कळवा.